आठवीतलं भाषण



स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. बँकेत चौतीस वर्षं खतावण्या आणि व्हाउचरं लिहिली, त्यापलीकडे काही लिहिल्याचं आठवत नाही. पण एक जुनं देणं डोक्यावर आहे. ते आपल्या शाळेचंच आहे, म्हणून इथेच फेडते.

आठवीत असताना आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं होतं, हे तुमच्यापैकी काही जणांना आठवत असेल. विषय होता डॉ. आनंदीबाई जोशी. भाषण मराठीच्या बाईंनी लिहून दिलं होतं आणि मी ते पंधरा दिवस घोकलं होतं. घरी आई पोळ्या लाटायची आणि मी ओट्याला टेकून हातवारे करत बोलायची. आनंदीबाई कल्याणच्या, आपण कल्याणचे, त्यामुळे टाळ्या कुठे पडणार हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या भाषणात आनंदीबाईंचं लग्न होतं, गोपाळराव त्यांना शिकवतात, त्या बोटीत बसतात, डॉक्टर होतात आणि परत येतात, एवढं सगळं पाच मिनिटांत होई. शेवटी एका वाक्यात मृत्यू येई, तोही दिव्यासारखा मालवणारा, शोभिवंत. मी नमस्कार करून खाली उतरे.

ते भाषण अर्धवट होतं, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. बाईंना दोष देत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला जेवढं झेपेल तेवढंच त्यांनी दिलं असेल. पण आता आपण सगळेच आजी-आजोबा झालो आहोत किंवा होण्याच्या वाटेवर आहोत. तेव्हा आज ते भाषण पुन्हा करते, यावेळी पूर्ण. आणि आनंदीबाईंना मी ‘ती’ म्हणणार आहे. अनादर म्हणून नाही. ती गेली तेव्हा तिला बावीसही पूर्ण नव्हती आणि माझी लेक आता तिच्याहून मोठी आहे, म्हणून.

तिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. म्हणजे आपल्या वर्गातल्या बहुतेकांच्या बरोबर शंभर वर्षं आधी. माहेरचं नाव यमुना, घरात यमू. घराणं कल्याणच्या जोशांचं, एकेकाळी वतनदार, पण तिच्या लहानपणी वैभव ओसरून नाव तेवढं उरलेलं. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशी नावाच्या बिजवराशी झालं. ते पोस्टात कारकून होते आणि तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. स्त्रियांनी शिकलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. यमूची आनंदी झाली आणि धडे सुरू झाले.

माझ्या आठवीच्या भाषणात गोपाळराव म्हणजे साक्षात देवमाणूस होते. त्या काळात बायकोला शिकवायचं म्हणजे गावाचे शिव्याशाप झेलायचे, आणि ते त्यांनी झेलले, हे खरंच आहे. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या घेत ते फिरले ते बरंचसं तिच्या शिक्षणाच्या सोयीसाठी. रस्त्यातून नवऱ्याबरोबर चालणारी, शाळेत जाणारी बायको हा त्या वेळी तमाशाच होता, आणि लोक तो बघायला जमत, हसत, नाही नाही ते बोलत.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अभ्यासात कसूर झाली की ते तिला मारत. दहा वर्षांच्या पोरीला लाकडाच्या तुकड्यांनी मारलं, बाराव्या वर्षी अंगावर पुस्तकं आणि खुर्च्या फेकल्या, पुढे सोडून जाण्याच्या धमक्या दिल्या. हे कुणा विरोधकानं उठवलेलं नाही. तिनं स्वतःच अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात ते मांडलं आहे. त्याच पत्रात तिनं असंही कबूल केलं की, ही वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणं तिला कठीण जातं. शिक्षण त्यांच्यामुळे मिळालं हेही ती विसरत नाही आणि मार बसला हेही विसरत नाही. मला या पोरीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. हिशोबाच्या दोन्ही बाजू तिनं लिहून ठेवल्या. आपण मात्र पुढे जमेची तेवढी वाचली.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, असं तिच्या मनानं घेतलं. बाळंतिणीला पुरुष डॉक्टर तपासणार नाही, बाईला सांगायची लाज वाटणार आणि बाई डॉक्टर तर नाहीतच. त्या दहा दिवसांतून तिचं डॉक्टर व्हायचं ठरलं. भाषणात हे वाक्य मी फार जोरात म्हणत असे. चौदा वर्षांची होते मी. मूल म्हणजे काय आणि जाणं म्हणजे काय, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तीही चौदाचीच होती, हे तर माझ्या लक्षातही आलं नाही.

आता थोडं माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं जुळणार नाही.

१९८३ साली बारावीनंतर मला परगावच्या एका कॉलेजात बी. फार्मला प्रवेश मिळत होता. होस्टेलवर राहावं लागणार होतं. ज्या घरानं माझं बक्षिसाचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलं होतं, त्याच घरानं मुलीला एकटीला पाठवायचं कसं म्हणून नकार दिला. मी दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी जेवले. मग बी. कॉम., मग बँक. तक्रार नाही, संसार चांगला झाला. पण पुष्कळ वर्षांनी एकदा सहज वर्ष मोजलं. ती एकटी समुद्रापार गेली १८८३ साली. मी शंभर वर्षांनंतर तीन तासांच्या अंतरावर जाऊ शकले नाही.

आणि याहून लाजेची गोष्ट पुढेच आहे. २०१२ साली माझी मुलगी एम. एस.साठी अमेरिकेला जाते म्हणाली, तेव्हा पहिला नकार माझाच होता. एकटी मुलगी, इतक्या लांब, आजारी पडली तर कोण बघणार, सगळी तीच वाक्यं. आठ दिवस घरात अबोला होता. नवव्या दिवशी तिनं माळ्यावरून ती काचेची चौकट काढून आणली आणि माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवली. बोलली काहीच नाही. त्या आठवड्यात मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायचा अर्ज भरला.

२०१८ साली मुलीला दिवस गेले. बाळंतपणाला आईनं जायचं हे ठरलेलंच, पण ऐन वेळी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मी एकटी निघाले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा परदेश आणि पहिल्यांदाच एकटीनं विमान. बॅगेत डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी, अर्धा किलो अळीव आणि पर्समध्ये दशम्या.

मुंबईहून विमान उशिरा सुटलं आणि युरोपातल्या विमानतळावर पुढचं विमान चुकलं. त्या कंपनीच्या खिडकीपाशी मी तास दीड तास उभी होते. इंग्रजी तीस वर्षं वाचलं होतं, लिहिलं होतं, पण समोरच्या मुलीच्या भरभर बोलण्यात मला फक्त उद्या एवढाच शब्द कळला. जेवणाचं कुपन मिळालं, पण ज्या दुकानात ते चालत होतं तिथे पाव आणि मांस याशिवाय दुसरं काही दिसेना. रात्रभर लोखंडी खुर्चीवर पर्स पोटाशी धरून बसले. मुलीला फोन लागत नव्हता. एकदा स्वच्छतागृहात जाऊन मनसोक्त रडून घेतलं, तोंड धुतलं आणि दशमी खाल्ली. अशा वेळी आनंदीबाई आठवून धीर आला असं लिहिलं तर छान दिसेल, पण खोटं होईल. तेव्हा मला फक्त घर आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी न्यूअर्कला उतरले. कस्टमच्या माणसानं लाडू जाऊ दिले आणि अळीव मात्र बी आहे म्हणून काढून घेतला. मी त्याला मराठी मिसळलेल्या इंग्रजीत बाळंतिणीच्या दुधाचं महत्त्व सांगायचा प्रयत्न केला. तो हसला, पण अळीव गेला तो गेलाच. बाहेर पोट सांभाळत मुलगी उभी होती. तिला पाहिल्यावर सगळा शीण गेला.

आठवडाभरानंतर, रात्री झोप येत नसताना, आनंदीची गोष्ट पहिल्यांदा नीट वाचायला घेतली.

तिचा प्रवास कसा ठरला पाहा. गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना अमेरिकन मिशनऱ्यांमार्फत मदत मिळवायची खटपट केली. धर्म बदललात तर बघू, अशा वळणाचं उत्तर आलं. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी यायची वाट बघत होत्या, तेव्हा तो अंक त्यांच्या हाती पडला. या ओळखीपाळखी नसलेल्या बाईंनी पंधरा वर्षांच्या मुलीला पत्र लिहिलं आणि आमच्या घरी ये म्हणून कळवलं. पुढची अडीच-तीन वर्षं दोघींची पत्रं जात-येत राहिली. आनंदीची प्रकृती तेव्हापासूनच नरम. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा, धाप. कार्पेंटरबाई अमेरिकेहून औषधं पाठवत. आनंदी त्यांना मावशी म्हणायची.

दोघांनी मिळून जायचं जमेना. गोपाळरावांना घरची माणसं पोसायची होती आणि दोघांच्या खर्चाइतका पैसाही नव्हता. तेव्हा गोपाळरावांनी ठरवलं की तिनं एकटीनं पुढे जावं. अठरा वर्षांची, आजारी, विवाहित ब्राह्मण मुलगी नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडणार, यावर गदारोळ उठला. हिंदू समाज बहिष्काराच्या गोष्टी बोलू लागला. मिशनऱ्यांना वाटे की जायचंच तर ख्रिस्ती होऊन जावं. ते तेव्हा कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात ती उभी राहिली आणि लोकांच्या एकेका प्रश्नाला इंग्रजीत उत्तर दिलं. जाते कशाला, इथे शिकता येत नाही का, एकटी का, बहिष्कार पडला तर काय. देशात बाई डॉक्टरची किती गरज आहे आणि परदेशी बायकांना आपल्या रीतीभाती कळत नसल्यानं ती कशी भागत नाही, हे तिनं सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असंही बजावलं.

आमच्या स्पर्धेत परीक्षक तीन होते आणि माझे पाय लटपटत होते. तिच्यासमोर अख्खं सभागृह होतं, त्यातले कित्येक तिनं जाऊ नये म्हणून आलेले, आणि भाषण लिहून द्यायला बाई नव्हत्या.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून तिची बोट सुटली. ओळखीतून मिळालेल्या मिशनरी बायकांची सोबत होती, पण घरचं माणूस एकही नव्हतं. ती मांस खात नव्हती. बोटीवरचं जेवण तिच्या कामाचं नव्हतं, आणि सोबतीचा रोख तिच्या धर्मावर होता. न्यूयॉर्कला ती ४ जूनला पोचली. जवळजवळ दोन महिने! मी एक रात्र खुर्चीवर काढली तर महिनाभर सगळ्यांना फोनवर सांगत होते.

धक्क्यावर कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या. तो उन्हाळा तिनं रोझेलला त्यांच्या घरी काढला. पत्रातली मावशी खरोखरची मावशी निघाली. तिथल्या बायकांना तिनं साड्या नेसवल्या, हातानं रांधून आपल्या पद्धतीचं जेवण घातलं. तिच्या आयुष्यातले हे तीन-चार महिने मला सगळ्यात सुखाचे वाटतात. रोझेल माझ्या मुलीच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे, हे नकाशात पाहिल्यावर माझ्या अंगावर काटा आला. आम्ही एका रविवारी जाऊन आलो. साधंसुधं गाव. फुटपाथवर मुलं सायकली चालवत होती.

ऑक्टोबरमध्ये ती फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाली. हे कॉलेज १८५० साली खास स्त्रियांसाठी निघालेलं. डीन होत्या रेचल बॉडले. त्यांनी तिचा अर्ज मान्य केला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. आणि इथून तिची खरी परीक्षा सुरू झाली. तिची खोली थंड होती. शेकोटी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीत धूर कोंडे आणि विझवली तर गारठा. अंगावर साडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून तिनं गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, तर त्यावरही इकडे चर्चा. नवरा पत्रातून टोमणे मारी. पहिल्याच हिवाळ्यात घटसर्प झाला. त्यातून उठली ती पूर्ण बरी अशी कधी झालीच नाही. अभ्यास मात्र सोडला नाही.

फिलाडेल्फियात काढलेला एक फोटो आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली आणि मधोमध नव्हे, कडेला बसलेली आपली आनंदी. तिघी आपापल्या देशाच्या वेशात. माझ्या लेकीनं तो मोठा करून दाखवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या दिवसापर्यंत आनंदीबाई म्हटलं की मला आपल्या सभागृहातली तसबीर आठवायची. ही दमलेली मुलगी होती. परीक्षेच्या दिवसांत आमची पोर दिसायची तशी.

गोपाळरावही पुढे अमेरिकेला पोचले. ११ मार्च १८८६ रोजी तिला एम. डी. मिळाली. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या, त्या तिच्या नात्यातल्याच. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या बाळाला ती विसरली नव्हती, असं मला वाटतं. तिनं तसं कुठे लिहिलं की नाही यात मी पडत नाही. दुसरे शंभर विषय असताना तिनं बाळंतपण निवडलं, मला तेवढं पुरे.

कोल्हापूर दरबारानं तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून नेमलं. आज ज्याला सीपीआर म्हणतात तेच हे हॉस्पिटल. तिनं होकार कळवला. बोस्टनच्या बायकामुलांच्या हॉस्पिटलात अनुभव घ्यायला गेली, पण शरीरानं साथ सोडली. क्षय झाला होता. ऑक्टोबर १८८६ मध्ये परतीची बोट धरली आणि १६ नोव्हेंबरला मुंबईत उतरली. जिनं जाऊ नये म्हणून ओरडा झाला होता, तिच्या स्वागताला आता हारतुरे आले. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण तोवर ती उभीसुद्धा राहू शकत नव्हती. कोल्हापूरला ती गेलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात तिचा शेवट झाला. वय एकवीस वर्षं, जवळजवळ अकरा महिने.

म्हणजे मित्रांनो, जिला आपण पहिली स्त्री डॉक्टर म्हणतो, तिनं आपल्या देशात एकही रुग्ण तपासला नाही. माझ्या भाषणात हे नव्हतं. असतं तर टाळ्या कमी पडल्या असत्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मला नात झाली. मुलीला अचानक त्रास सुरू झाला आणि मध्यरात्री ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन करणारी डॉक्टर बाई होती, भूल देणारीही बाई, आणि बाळाला तपासायला आली तीही बाई. जावई आत गेला आणि मी बाहेरच्या खुर्चीवर बसले. हीच दुसरी रात्र खुर्चीवरची. या वेळी मात्र मला तीच आठवत होती. दहा दिवस मी मनातल्या मनात मोजले, कुणाला बोलले नाही. अकराव्या दिवशी सकाळी देवापुढे साखर ठेवली. मुलीनं कारण विचारलं तर सहज म्हणून सांगितलं.

नोव्हेंबरच्या शेवटी तिकडे थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. जावई घरी होता, म्हणून मी एक दिवस मागून घेतला. आनंदी गेल्यानंतर गोपाळरावांनी तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या होत्या, आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथे जायचं होतं. मुलगी म्हणाली आपण उन्हाळ्यात सगळे जाऊ. पण उन्हाळ्यात मी इथे नसणार होते. शिवाय मला एकटीलाच जायचं होतं.

मुलीनं कागदावर सगळं लिहून दिलं. न्यू जर्सीहून गाडीनं न्यूयॉर्क, तिथून भुयारी रेल्वेनं ग्रँड सेंट्रल, मग हडसन नदीच्या काठाकाठानं उत्तरेकडे जवळजवळ दोन तास. भुयारी रेल्वेत मी उलट्या दिशेच्या डब्यात चढलेच. पण या वेळी रडले नाही. उतरले, कागद दाखवला, एका बाईनं जिना दाखवला. ग्रँड सेंट्रलला तिकीट स्वतः काढलं. डावीकडच्या खिडकीशी बसले. सबंध वाटभर नदी शेजारून चालली होती, रुंद आणि करड्या रंगाची, आणि झाडांवर एक पान नव्हतं.

स्टेशनवरून टॅक्सी केली. थंडी अशी की डोळ्यांतलं पाणी गालावर गोठेल. मुलीनं नकाशावर जागा दाखवून ठेवली होती, तरी शोधायला वीस मिनिटं लागली. कार्पेंटर कुटुंबाच्या दगडांमध्ये तिचा दगड आहे. नाव, पुढे एम. डी., खाली १८६५ ते १८८७ आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून आलेली ती पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची नोंद. आजूबाजूला सगळी परकी नावं आणि मध्ये आपल्या कल्याणची ही मुलगी.

मी सोबत फुलं नेली होती आणि डब्यात डिंकाचा एक लाडू. लाडू ठेवावा की नाही कळेना. शेवटी अर्धा ठेवला, अर्धा तिथेच उभी राहून खाल्ला. भाषणातली काही वाक्यं म्हणावीत असं मनात होतं, पाठ तर अजून आहेत. पण त्या थंडीत ती तोंडात येईनात. मग मी नुसती उभी राहिले. मावशीनं तिला आपल्या माणसांत जागा दिली, एवढं एक फार बरं वाटलं.

परतीच्या गाडीत हिशोब केला. मला वाटायचं की तिच्या प्रवासाचं फळ म्हणजे ती पदवी. तसं असतं तर तो प्रवास वायाच गेला म्हणायचा. पण चौदा वर्षांची एखादी मुलगी भाषण घोकते, मग तिला घरचे पाठवत नाहीत, मग ती आपल्या मुलीलाही अडवते, आणि शेवटी ती मुलगी एक चौकट टेबलावर ठेवते. याला वेळ लागतो. आमच्या घरी एकशे एकोणतीस वर्षं लागली.

आता देण्याचं सांगते. शाळेत आजही वक्तृत्व स्पर्धा होतात आणि आठवीतल्या कुणा मुलीला अजूनही आनंदीबाईंचं भाषण मिळत असणार. आपल्या शिक्षकांना माझी नम्र विनंती आहे की तिला सगळं सांगा. मार सांगा, थंड खोली सांगा, तपासायच्या राहून गेलेल्या रुग्णांचंही सांगा. मुलींना ते झेपतं. आणि त्या मुलीच्या आईवडिलांना बक्षीस समारंभाला बोलवाल तेव्हा हळूच विचारा की बारावीनंतर हिला परगावी पाठवाल ना. पाठवायला पैशांची अडचण असेल तर आपल्या १९८१ च्या बॅचनं काहीतरी करावं, असं मला वाटतं. संमेलनाच्या जमाखर्चातून जे उरेल त्यात माझे पहिले पंचवीस हजार धरा. बाकीचं प्रत्यक्ष भेटीत बोलू.

मराठीच्या बाई येणार आहेत असं ऐकलं. बाई, तुमच्या अक्षरातलं ते भाषण माझ्याकडे अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. त्या दगडाचा फोटो आणि ते कागद दोन्ही घेऊन येते. तुमच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवा.

(एस. एस. सी. १९८१, तुकडी ब)